हातपंपाचं बारसं

छताचं प्लास्टर पडलं त्या दिवसापासून काकू ऑफिसात हेल्मेट घालून बसायच्या. स्कूटरवरून उतरायच्या, पदर सारखा करायच्या, आणि बाकीचे लोक जिथे हेल्मेट काढून हातात घेतात तिथे या हनुवटीखालचा पट्टा आणखी घट्ट आवळायच्या. लाल रंगाचं हेल्मेट, मागे देवासच्या टेकरीवरच्या माताजीचं स्टिकर, पुढे काचेच्या आत रुपयाएवढं कुंकू. काउंटरवर नवा माणूस आला की आधी दचकायचा, मग वर छताकडे बघायचा आणि आपोआप मागे सरकायचा. काकू त्याला म्हणायच्या, "घबराइए मत, आपके ऊपर का गिर चुका है."

प्लास्टरसाठी त्यांनी रीतसर अर्ज केला होता. उत्तर आलं की दुरुस्तीसाठी सध्या तरतूद नाही. बरं, नाही तर नाही. पण थोड्याच दिवसांत त्याच छताखाली, बाहेरच्या भिंतीवर, आमच्या खात्याची नवीकोरी पाटी लागली. साधीसुधी नव्हे, आतून दिवे लागणारी! ती ठोकताना भिंत अशी हादरली की आत आणखी एक पापुद्रा सुटला आणि टप्पकन काकूंच्या हेल्मेटवर येऊन पडला. काकूंनी मानसुद्धा वर केली नाही. "सूनबाई, खातं मोठं झालं बरं का," एवढंच म्हणाल्या.

सूनबाई म्हणजे मी, त्यांच्या हाताखालची कारकून; नातं काही नाही. मी इंदूरची, सासर देवासचं. सासरे साताऱ्याकडून इथल्या कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच होऊन गेले. माझं शिक्षण सगळं हिंदीतून, मराठी घरातली, तीही अर्धीमुर्धी. काकूंचं माहेर धारचं. पूर्वी दरबारात मान असलेलं घराणं, आता भाऊ बँकेत नि शाळेत, पण बोलण्यातलं "अहो-जाहो" तसंच्या तसं. त्या शिपायालाही "अहो" म्हणायच्या आणि संगणक बंद पडला तर संगणकालाही. "अहो, काय झालं आपल्याला?" असं त्या पडद्याला विचारायच्या. तो चालू व्हायचा, ही गोष्ट वेगळी.

खातं आमचं पाण्याचं. गावोगावचे नळ, टाक्या, आणि मुख्य म्हणजे हातपंप, ज्याला महाराष्ट्रात हापसा म्हणतात. खात्याचं नाव मी सांगत नाही. लपवायचं आहे म्हणून नव्हे, कुठलं सांगू हाच प्रश्न आहे! मी नोकरीला लागले तेव्हा एक होतं, वर्षभरात दुसरं झालं, आणि आता जे आहे ते मला पाटीकडे बघितल्याशिवाय आठवत नाही. देवासच्या लोकांना कधीच कुठलं नाव ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी ते "नलवाला दफ्तर". काकू जिल्हा ऑफिसात बडे बाबू होत्या, म्हणजे सगळ्या कारकुनांच्या वरच्या, आणि त्याही फोन उचलून म्हणायच्या, "हां जी, नलवाला दफ्तर, बोलिए."

नाव बदलण्याशी काकूंचं वैर जुनं होतं, लग्नापासूनचं. आपल्यात सासरी आल्यावर ताम्हनात तांदूळ पसरतात आणि त्यात अंगठीने नव्या नवरीचं नवं नाव लिहितात, तसं यांचंही लिहिलं. नाव चांगलं होतं म्हणे, सासूबाईंनी हौसेने शोधलेलं. काकूंनी वाकून नमस्कार केला, ताम्हन उचललं, स्वयंपाकघरात गेल्या, ते तांदूळ धुतले आणि भाताला टाकले! वर वरण, तूप आणि शेव घालून जेवल्यासुद्धा. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी नव्या नावाने हाक मारली, तर या शांतपणे इकडेतिकडे बघायला लागल्या, कोणाला बोलावताहेत म्हणून. शेवटी सासूबाईंचा घसा बसला आणि त्या "अगं" वर आल्या. मला ही गोष्ट काकूंनी पहिल्याच आठवड्यात सांगितली आणि वर म्हणाल्या, "नाव बदलून माणूस नवं होतं का गं? कंबर तीच, दुखणं तेच. घसा मात्र हाक मारणाऱ्याचा जातो."

शेव त्यांना कशावरही लागायची. पोह्यावर तर सगळा माळवाच घेतो, या शिऱ्यावर घ्यायच्या. त्यांच्या टेबलाच्या खणात शेवेचा डबा असायचा आणि साहेबांनी रागावून बोलावलं की त्या आधी चिमूटभर तोंडात टाकून मग जायच्या. कुरकुर आवाज करत साहेबांचं बोलणं ऐकायच्या. त्या आवाजापुढे कोणाचा राग टिकत नसे.

तर त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला भोपाळहून आदेश आला. खात्याला नवं नाव, नवं चिन्ह, नवा रंग. नाव एवढं लांब की एका दमात म्हणता येईना. चिन्ह म्हणजे दोन हातांच्या ओंजळीत पाण्याचा थेंब, आणि तो थेंब हसतोय. रंग मोरपंखी. आम्हाला सगळ्यांना मोरपंखी टोप्या मिळाल्या. काकूंनी आपली हेल्मेटवर चढवली.

आमचे साहेब तरुण होते, ग्वाल्हेरकडचे. वाईट माणूस नव्हे, पण आदेश आला की त्यांच्या अंगात यायचं. फोन उचलताना पूर्ण नवं नाव म्हणायचं, असा त्यांनी नियम काढला. काकूंनी तो तंतोतंत पाळला. फोन वाजला की त्या पेल्यात पाणी ओतून घ्यायच्या, उभ्या राहायच्या, अर्धं नाव म्हणायच्या, एक घोट घ्यायच्या, उरलेलं म्हणायच्या. तोवर समोरच्याने चुकीचा नंबर समजून फोन ठेवलेला असायचा. असं चार दिवस चाललं, मग साहेबांनीच हात जोडले.

हसण्यापुरतं ठीक होतं, पण मला तेव्हा खरोखर संताप यायचा आणि आजही येतो. मागच्या नावाचे कागद, लिफाफे, छापील अर्ज अख्ख्या खोलीभर पडलेले होते, बांधलेल्या गठ्ठ्यांची दोरीसुद्धा सुटलेली नव्हती. ते सगळे रद्द! शिक्के रद्द, पाट्या रद्द, जीपवरचं नाव खरवडून नवं. आणि लोकांचे हाल ते वेगळेच. जुन्या नावाने लिहून आणलेला अर्ज खिडकीवरून परत जायचा. "नए नाम से लाओ." म्हणजे सोनकच्छ नाहीतर बागलीहून बसने आलेला माणूस तस्साच उलटपावली बसमध्ये. म्हातारीकोतारी माणसं हातातल्या चिठ्ठीवरचं नाव शोधत आमच्याच दारावरून पुढे निघून जायची. नाव बदलणाऱ्याला हे कधी दिसतच नाही.

त्या रद्द कागदांचं काकूंनी काय केलं ते सांगायलाच हवं. गठ्ठे जाळायचे होते, त्यांनी ते आपल्या खोलीत आणून रचले आणि मला म्हणाल्या, "पाठ कोरी आहे ना याची? मग बैस." आणि जेवणाच्या सुट्टीत त्या मला कोऱ्या बाजूवर मराठी लिहायला लावायच्या. मी आज हे जे काही लिहिते आहे ते त्या कागदांवर शिकलेलं आहे. एवढा एक फायदा त्या नामांतरातून जनतेला झाला म्हणायचा.

मग एके दिवशी सुरलीबाई आली.

उदयनगरच्या पुढे जंगलात फलिये आहेत. फलिया म्हणजे डोंगरउतारावरची थोड्या घरांची वस्ती. तिथल्या एका फलियाची ही बाई. होळीपासून त्यांचा हातपंप कोरडा पडला होता. पाणी खाली गेलं होतं, आत पाइप वाढवायला हवे होते. बायका खालच्या नाल्यात झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरत होत्या. ही मागे एकदा येऊन अर्ज देऊन गेली होती, तो जुन्या नावाचा म्हणून परत गेला होता. आज ती अर्ज न घेताच आली. काउंटरवर दोन्ही हात आपटून उभी राहिली.

"थांका आदमी आया था, बाई."

"मग झालं ना काम?" काकूंनी आनंदाने विचारलं, आणि मग हिंदीत, "पाइप डाल दिए?"

"रंग दियो!" सुरलीबाई ओरडली. "पंप पियासो को पियासो, ने थें उके नवी साड़ी पेराय दी. म्हारी बहू को नवमो महीनो है. नाला में उतरे तो कसी उतरे? अब हम कंई रंग पीवां?"

मोरपंखी रंग देणारं पथक जिल्हाभर फिरत होतं हे आम्हाला ठाऊक होतं. पण कोरड्या पंपाला रंग देऊन, त्यावर हसरा थेंब काढून, खाली लांबलचक नाव लिहून ते पुढच्या गावी गेले असतील, असं डोक्यात आलं नव्हतं. काकूंनी हनुवटीखालचा पट्टा सोडला आणि हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. प्लास्टर पडल्यापासून ऑफिसात मी त्यांना बिनहेल्मेटच्या पहिल्यांदाच बघत होते. केस अगदी चपटे बसले होते आणि डोळे मात्र असे चमकत होते की मला भीतीच वाटली.

त्यांनी सुरलीबाईला बसवलं, पाणी दिलं, शेव दिली आणि थेट साहेबांकडे गेल्या. मी मागोमाग. साहेब बिचारे म्हणाले, "काकूजी, मैं क्या करूँ? पाइप का फंड नहीं है. पेंट का फंड अलग आता है, उसमें से एक वॉशर भी नहीं ले सकता." आणि ते खोटं बोलत नव्हते, हीच तर सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. मी वाट बघत होते की काकू आता भांडतील. पण त्या गोड हसल्या.

"साहब, वो भोपाल वाला फोटो भेजना है ना? नामकरण का?"

नव्या नावाचा प्रत्येक जिल्ह्यात एक समारंभ करायचा होता आणि त्याचे फोटो वर पाठवायचे होते. साहेबांनी ऑफिसच्या आवारात फीत कापायचं ठरवलं होतं.

"फीता तो सब जिले काटेंगे," काकू म्हणाल्या. "अपने यहाँ मराठी लोगों में नाम रखने का पूरा संस्कार होता है. बारसा. पालना सजाते हैं, गाने होते हैं, घुगरी बँटती है. आप हैंडपंप का बारसा कीजिए, साहब. जंगल में, आदिवासी महिलाओं के बीच. ऐसा फोटो जाएगा कि भोपाल वाले कुर्सी से उठ के देखेंगे."

साहेबांचा चेहरा असा उजळला! त्यांनी तिथल्या तिथे भोपाळला फोन लावला. तिकडचे मोठे साहेब, ज्यांनी हे नाव, चिन्ह, रंग सगळं स्वतः निवडलं होतं, ते म्हणाले, वा, मी स्वतः येतो. दिवस ठरला. जागा काकूंनी सांगितली, सुरलीबाईचा फलिया. आणि हे सगळं पक्कं झाल्यावर, दाराशी जाऊन, काकू सहज आठवल्यासारख्या वळल्या.

"एक छोटी बात रह गई, साहब. नाम रखने से पहले बच्चे को नहलाते हैं."

"तो नहला देंगे. टैंकर बुलवा लो."

"ना ना ना!" काकूंनी कानाला हात लावले. "टैंकर का पानी पराया. बच्चा अपने ही घर के पानी से नहाता है. पराए पानी से नहाया तो नाम लगता ही नहीं, उलटा अपशकुन. बड़े साहब के हाथ से अपशकुन हो गया तो..."

असा नियम कुठेही नाही. कोणत्याही पोथीत, कोणत्याही घरात नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, ऑफिसात दुसरी मराठी मीच. "सच में ऐसा है?"

"बहुत कड़क नियम है, सर," मी म्हटलं. "हमारे यहाँ तो इसी पे शादियाँ टूटी हैं."

बाहेर आल्यावर काकूंनी माझा गालगुच्चा घेतला. "शादियां टूटी हैं म्हणे! अगं, बारशाआधी लग्न कसं मोडेल?" आणि आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून इतक्या हसलो की शिपाई पाणी घेऊन धावला.

पुढे जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मानलं नसतं. गोदामात पाइप नाहीत असं आम्ही कधीपासून ऐकत होतो. ते निघाले! एका योजनेसाठी आलेले होते, त्या योजनेचं नाव मध्येच बदललं, म्हणून त्यांना हात लावायचा अधिकार कोणाला उरला नव्हता. बारशाचं म्हटल्यावर एका दिवसात अधिकार सापडला. आमचे पंपदुरुस्तीचे मिस्त्रीभिया, म्हणजे मिस्त्रीभैया, ज्यांना फलियाचा रस्ता गाडीसाठी खराब आहे असं नेहमी वाटायचं, ते आदल्या दिवशीच पाइप घेऊन रवाना झाले.

बारशाच्या दिवशी आम्ही जीपने निघालो. काकूंच्या मांडीवर घुगऱ्यांचं पातेलं, माझ्या मांडीवर झेंडूच्या माळा, मागे त्यांच्याच घरचा पितळी कड्यांचा पाळणा. हाटपिपल्याला गाडी थांबवून काकूंनी नरसिंहाच्या देवळाकडे तोंड करून हात जोडले आणि ताजी शेव घेतली. बागली, पुंजापुरा, मग सागाचं जंगल, पानं झडून गेलेलं. काकू सारख्या एकच विचारत होत्या, "पाणी लागलं असेल ना गं?" हेल्मेट डोक्यावर होतंच, खड्ड्यांसाठी.

पाणी लागलं नव्हतं. मिस्त्रीभिया घामाने निथळत उभे. "काकूजी, पाइप तो सब उतार दिए, पर पानी पकड़ नहीं रहा. खाली हवा आ री है." तेवढ्यात खालच्या वळणावर मोठ्या साहेबांच्या गाडीची धूळ दिसली. आमच्या साहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. सुरलीबाईची सून झोपडीच्या दारात, पोटाशी हात धरून उभी होती आणि आमच्याकडे बघत होती. तिच्याकडे बघवेना. आज पाणी आलं नाही तर फोटो कसाही निघाला असता, तो लोक काढून घेतातच. पण मिस्त्री आणि पाइप पुन्हा या डोंगरात आले नसते, आणि या पोरीला उद्या नाल्यात उतरावं लागलं असतं. हे तिला ठाऊक होतं आणि आम्हालाही.

"हत्था सोडायचा नाही!" काकूंनी पंपाच्या दांड्याकडे बोट दाखवत बायकांना हुकूम सोडला. "एक थकली की दुसरी. आणि सूनबाई, तू गा."

"काय गाऊ?"

"पाळणा गा. येत नसेल तर काहीही गा."

मी गायले. काय गायले मला आठवत नाही. फलियातल्या बायकांनी त्यांचं गाणं सुरू केलं, ते माझ्यापेक्षा कितीतरी बरं होतं. मोठे साहेब उतरले, हार घातले गेले, पाळणा बघून ते खूश, फोटोवाला खूश. पंपावर बायका आळीपाळीने हत्था मारताहेत आणि आतून नुसती खडखड. मोठे साहेब घड्याळ बघायला लागले. आमच्या साहेबांनी सावधगिरी म्हणून वळणाआड एक टँकर उभा करवला होता. ते माझ्याजवळ येऊन पुटपुटले, "टैंकर का एक घड़ा मिला दें? किसको पता चलेगा?"

काकूंनी ते ऐकलं. हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं, पंपाजवळ गेल्या आणि त्या मोरपंखी लोखंडाला कान लावून वाकून उभ्या राहिल्या. सगळ्यांना वाटलं हा विधीच आहे, फोटोवाल्याने फोटो काढले. मला मात्र त्यांचे मिटलेले डोळे दिसत होते. मी आयुष्यात एवढ्या जोराने कधी काही मागितलं नसेल जेवढं तेव्हा मागितलं.

काकूंनी डोळे उघडले. "अहो, बोलू लागलेत हे! सुरलीबाई, आप आओ. पूरी ताकत से!"

सुरलीबाईने हत्था धरला. तिने काय मारा केला! पंप खोकला. परत खोकला. मग गुळणी टाकावी तशी एक लाल, गंजकी चूळ बाहेर पडली, आणि तिच्यामागून पाणी! आधी गढूळ, मग स्वच्छ, मनगटाएवढी धार! बायका किंचाळल्या, मिस्त्रीभिया नाचायला लागले, मोठ्या साहेबांचा पांढरा शर्ट लाल ठिपक्यांनी भरला, आणि मी चक्क रडत होते. काकूंनी दोन्ही हात पसरून सगळ्यांना थोपवलं. "पहिली घागर हिची," म्हणाल्या आणि सुनेकडे बोट दाखवलं. ती घागर सुरलीबाई स्वतः घेऊन गेली. तोवर मोठ्या साहेबांनाही थांबावं लागलं.

मग नामकरण. काकूंनी समजावून सांगितलं की नाव आत्या ठेवते, आणि ज्याने नाव निवडलं तोच आत्या. म्हणजे मोठे साहेबच आत्या. ते मजेत होते, हसत हसत वाकले आणि पंपाच्या तोंडाशी ते लांबलचक नाव म्हणाले. मध्ये दम घ्यावा लागलाच.

"आता कुर्रर्र म्हणायचं," काकू म्हणाल्या, "और उसके बाद, बहनो, आत्या की पीठ पे धपाटे!"

हा नियम मात्र खराखुरा आहे. आपल्या बारशात कुर्रर्र झाल्यावर बायका आत्याच्या पाठीत लाडाने थोपटतात. फलियातल्या बायकांना लाडाचा भाग सांगायचा राहून गेला. होळीपासून नाल्यातलं पाणी वाहिलेले हात होते ते! धप्, धप्, धप्! मोठे साहेब "बस, बस" म्हणत होते आणि हसतही होते, कारण फोटो निघत होता. शेवटचा धपाटा सुरलीबाईचा. तो मला अजून ऐकू येतो.

घुगऱ्या आम्ही रद्द झालेल्या नावाच्या कागदांचे शंकू करून वाटल्या. वर शेव.

फोटोचं भोपाळला खूप कौतुक झालं. धारच्या ऑफिसातून फोन आला, "ये बारसे का क्या नियम है, लिख के भेज दो." काकूंनी भेजलं, आणि अंघोळीचा नियम सगळ्यात वर, ठळक अक्षरांत. धारकडेही काही कोरडे पंप अंघोळीपुरते चालू झाले आणि चालूच राहिले, असं नंतर कळलं. छताचं प्लास्टर कोणी केलं नाही. काकू रिटायर झाल्या त्या हेल्मेट घालूनच निरोप समारंभाला बसल्या आणि मग धारला भावाकडे राहायला गेल्या.

आणि गेल्या उन्हाळ्यात खात्याचं नाव पुन्हा बदललं. आता रंग पिवळा. चिन्हातला थेंब गेला, सूर्य आला. रंगवणाऱ्या पथकाबरोबर फोटो काढायला मला पाठवलं, आणि फिरत फिरत आम्ही त्या फलियात पोचलो. रंगाऱ्याने डबा उघडला, ब्रश बुडवला. तेवढ्यात सुरलीबाई आली, कडेवर नातू, गुटगुटीत. तिच्यामागे सगळ्या बायका.

"ठेर, भिया. पैलां हत्थो चला."

"क्यों?"

"यां को नेम है. पैलां पाणी, पछी नाम."

रंगाऱ्याने हत्था मारला. पाणी आलं, पण बारीक, खूप वेळ मारल्यावर. आतला वॉशर झिजला होता. सुरलीबाईने ब्रश त्याच्या हातातून काढून घेतला आणि पाठीमागे धरला. "जा, मिस्त्री ने लाव."

रंगाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी अतिशय गंभीर चेहऱ्याने म्हटलं, "बहुत कड़क नियम है." पथकाला संध्याकाळच्या आत पुढची तीन गावं करायची होती. त्याने टेकाडावर जाऊन फोन लावला, आरडाओरडा केला, आणि दुपारी मिस्त्रीभिया वॉशर घेऊन हजर! धार पुन्हा मनगटाएवढी झाली. मग सुरलीबाईने ब्रश परत दिला आणि बायका गोल करून उभ्या राहिल्या.

"आत्या कुण है?" तिने विचारलं आणि माझ्याकडे पाहून हसली. "थूं?"

खात्याची तिथे मी एकटीच होते. मी वाकले, पंपाच्या तोंडाशी नवं नाव वाचून दाखवलं, आणि कुर्रर्र म्हटलं.

नंतर टेकाडावर चढून, जिथे फोनला रेंज येते तिथून, मी धारला काकूंना फोन लावला. पलीकडून तोच आवाज. "हां जी, नलवाला दफ्तर, बोलिए."

"काकू, मी. खात्याचं नाव परत बदललं."

"हं," त्या म्हणाल्या. काय ठेवलं, हे विचारलंच नाही. "तू फलियात आहेस ना? आणि पाणी?"

"आलं, काकू! मनगटाएवढी धार! त्यांनी रंगच लावू दिला नाही आधी..."

पलीकडून कुरकुर ऐकू आली. शेव खात होत्या.

"मग पाठ दुखत असेल गं तुझी," काकू म्हणाल्या.

दुखत होती. चांगली ठणकत होती.